स्वारगेट : खूण, स्थान व आठवण

रस्त्याकडेच्या खूणदगडाची साक्ष दुहेरी असते : एक त्यावरील अक्षरांची, दुसरी त्याच्या जागेची. अक्षरें दगडाबरोबर हलतात. जागेची साक्ष मागें राहते. म्हणून जागेवरून उचललेला दगड अस्सल कागदासारखा नव्हे, नकलेसारखा मानला पाहिजे. आणि नक्कल कोणी, केव्हां व कशावरून केली हें कळल्यावांचून तिचा आधार घेतां येत नाहीं. स्वारगेटच्या खुणांविषयीं स्थानिक आठवणींच्या बळावर जीं विधानें केलीं जातात, त्यांची ह्या कसोटीनें थोडी छाननी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांव पाहूं. येथें स्वारांची चौकी होती, तीवरून स्वारगेट, असें सांगतात. कोणी हें नांव शिवकालापर्यंत नेतात. पैकीं ‘स्वार’ हा फारसी ‘सवार’, व ‘गेट’ हा इंग्रजी. पुण्यांत इंग्रजी अंमल बसला तो १८१८ सालीं. तेव्हां चौकी कितीहि जुनी मानली, तरी हें जोडनांव त्यापूर्वीं लोकांच्या तोंडीं बसलें असण्याचा संभव नाहीं. चौकीची आठवण खरी असूं शकेल. नांवाचें वय मात्र चुकलें.

दुसरा प्रश्न मैलांच्या दगडांचा. सातारा रस्त्यावरील एखादी जागा ‘तिसऱ्या दगडापाशीं’ म्हणून कोणी सांगितली, तर मोजणी कोठून, हें आधीं विचारलें पाहिजे. शून्य मैलाचा दगड कँपांत मुख्य टपालकचेरीपाशीं आहे. शहरांतील मनुष्य अंतर मंडईपासून किंवा शनिवारवाड्यापासून धरील. पुढें १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानें दशमान पद्धति आली व मैलांच्या जागीं किलोमीटर आले. तीन मैल म्हणजे सुमारें ४.८ किलोमीटर, जुनी आठवण नव्या दगडास लावली कीं जागा पावणेदोन किलोमीटरांहून अधिक अलीकडे सरकते. सांगणारा खोटें बोलत नाहीं. दगडच त्याच्या पाठीमागें बदललेला असतो.

याच्या उलट उदाहरण कात्रजच्या नळाचें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी शहरांत आणलें व नळाच्या वाटेवर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधले. उच्छ्वास खालच्या नळाशीं जखडलेला असतो. तो पडेल, पण खोटी जागा दाखविणार नाहीं. सबब अशा वादांत पहिला मान उच्छ्वासासारख्या अचल बांधकामास, दुसरा मोजणीच्या नकाशास व तिसरा आठवणीस द्यावा, असें आमचें मत आहे. आठवण त्याज्य नव्हे. कोठें शोधावें हें तीच सांगते. निर्णय देण्याचा अधिकार मात्र तिचा नव्हे.

ही चर्चा केवळ पांडित्याची नाहीं. २०१९ सालीं मेट्रोच्या खोदकामांत येथें भुयारी जलमार्ग आढळला, आणि त्याच्या काळाविषयीं लगोलग तर्क सुरू झाले. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली. उड्डाणपूल, भुयार व रुंदीकरण यांच्या रेट्यांत खुणा हलविणें कधीं कधीं अटळ होतें, हें आम्ही जाणतों. आमची मागणी इतकीच कीं, दगड उचलण्यापूर्वीं दोन कायम बांधकामांपासून त्याचें अंतर मोजावें, जागेचा नकाशा काढावा, आणि मूळ स्थान व हलविल्याची तारीख दगडाच्या पाठीवर कोरावी. हें न केल्यास पुढील पिढीच्या हातीं आपण खोटा कागद ठेवूं, आणि तोहि दगडावर कोरलेला.