जोखीम घटकांची यादी वाचण्याआधी

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावर तो हाडांत कुणाच्या पसरतो? बहुतेक पेपर जुन्या केसपेपरांवरून सांगतात: मोठी गाठ, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेल्या पेशी, वाढलेलं एएफपी. पटतं ना? पण थांबा. समजा, नाशिकच्या रुग्णाचं ऑपरेशन मुंबईत झालं. वर्षाने पाठ दुखली, तर तो नाशिकमध्येच दाखवणार. मुंबईच्या नोंदीत त्याची हाडं ठणठणीत! बोन स्कॅन फक्त दुखणाऱ्यांचा केला असेल, तर न दुखणारे सुटतात. त्याआधीच दगावलेल्यांना नुसतं ‘सेन्सॉर’ केलं, तर कॅपलान-मायर धोका फुगवून दाखवतं; फाइन आणि ग्रे यांची १९९९ची पद्धत मृत्यूही हिशेबात धरते. अशा याद्यांवरून उद्या कुणाचा स्कॅन करायचा ते ठरू शकतं. म्हणून पी-व्हॅल्यूच्या आधी मेथड्स उघडा: कुणाला तपासलं, कधी, आणि किती जण सुटले?