बर्फवाल्याचे कागद : संग्राहक काय जपतात आणि काय टाकतात

या देशात छंदांना तोटा नाही. कोणी जुन्या बाटल्या जमवतो, कोणी रेल्वेची वेळापत्रके, आणि आपल्या मंडळींमध्ये नाणी व पोस्टाची तिकिटे जमवणारे तर बरेच आहेत. मी गेली कित्येक वर्षे जमवतो आहे ते घरोघर बर्फ पोचवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांचे कागद. हे सांगितले की समोरचा माणूस ‘बर्फाचे कागद?’ असे म्हणून हळूच साबुदाणा वड्याकडे वळतो. म्हणून आधी थोडी ओळख करून देतो, मग तक्रार. कारण हा लेख मुळात तक्रारीचा आहे.

विजेचा फ्रीज घरात येण्यापूर्वी इथल्या स्वयंपाकघरात ‘आइसबॉक्स’ असे. लाकडी कपाट, आतून पत्रा, एका कप्प्यात बर्फाची लादी आणि खाली वितळलेले पाणी धरायला थाळी. शेजारची एखादी आजीबाई अजूनही फ्रीजला ‘आइसबॉक्स’ म्हणते, ते इथून आले. लादी दोन-तीन दिवसांत संपायची, म्हणून बर्फवाला गाडी घेऊन गल्लीत यायचा. कोणाला किती बर्फ हवा हे त्याला प्रत्येक दारावर जाऊन विचारावे लागू नये, यासाठी कंपनी गिऱ्हाइकाला एक चौकोनी पुठ्ठ्याचे कार्ड देई. त्याच्या चार कडांना चार आकडे : बहुधा २५, ५०, ७५ आणि १००. जितके पौंड हवे तो आकडा वरच्या बाजूला येईल असे कार्ड फिरवून खिडकीत लावायचे. बर्फवाला रस्त्यावरूनच ते वाचणार, गाडीतली लादी टोच्याने फोडून तेवढा तुकडा काढणार, चिमट्यात धरून खांद्यावर टाकणार आणि मागच्या दाराने आत नेऊन ठेवणार. इंग्रजी न येणाऱ्या नव्या बिऱ्हाडालाही हे जमे. आकडा वर केला की झाले. परक्या देशात पहिले सहा महिने काढलेल्या कोणालाही या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

या धंद्याचे कागद म्हणजे ही खिडकीतली कार्डे, आगाऊ पैसे भरून घेतलेली कुपनांची पुस्तके, बिले, पावत्या, कॅलेंडरे आणि रंगीत जाहिरातपत्रे. इंग्रजीत अशा सगळ्याला एफेमेरा म्हणतात. आपण क्षणजीवी कागद म्हणू : जो काम झाल्यावर टाकून द्यायचा म्हणूनच छापलेला असतो. त्याची शिस्तशीर दखल घेणारी संस्था इंग्लंडात १९७५ साली मॉरिस रिकर्ड्‌स यांच्या पुढाकाराने निघाली, अमेरिकेतली १९८० साली. म्हणजे हा छंद आता पोरवयाचा नाही आणि त्याची आवडनिवड तपासायला हरकत नसावी.

माझी पहिली तक्रार चित्रांबद्दल आहे. कुठल्याही जुन्या कागदांच्या बाजारात बर्फाच्या विभागात सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पाकिटात, चढ्या किमतीला असतात ती १८८० च्या आसपासची रंगीत जाहिरातपत्रे. फुले, मांजरीची पिल्ले, गुबगुबीत मुले. छपाई खरोखर सुंदर. दगडावरून एकेक रंग चढवण्याची ती कला मला आवडते. पण त्यांतली पुष्कळशी तयार मालाची असत. छापखाना चित्र छापून नावाची जागा कोरी ठेवी आणि मग तेच मांजर आज चांभाराच्या, उद्या वाण्याच्या, परवा बर्फ कंपनीच्या नावाने निघे. अशा कार्डातून बर्फाच्या धंद्याबद्दल कळते ते फक्त कंपनीचे नाव. त्यातही मागच्या बाजूला कधी दर आणि डेपोचा पत्ता असे, तो त्या काळच्या मुलींनी वहीत डिंकाने चिकटवताना गेला, आणि उरलेला विक्रेत्यांनी कार्ड वहीतून सोडवताना पाण्यात घालवला. पुढची बाजू सुरक्षित राहिली की सगळे खूश.

दुसरी तक्रार कोऱ्या कार्डांबद्दल. संग्राहकांच्या भाषेत ‘मिंट’ म्हणजे उत्तम : घडी नाही, डाग नाही, भोक नाही. नाण्यांपासून आलेली ही कसोटी खिडकीतल्या कार्डाला लावणे मला पटत नाही. कोरे कार्ड म्हणजे जे कुठल्याच खिडकीत गेले नाही, कंपनीच्या गुदामात गठ्ठ्याने पडून राहिले. माझ्याकडे एक कार्ड आहे, विक्रेत्याने ते दोष सांगून स्वस्तात दिले. चारही कडांना टाचणीची भोके आहेत; पण २५ च्या वर ती इतकी झाली आहेत की पुठ्ठ्याचा भुगा झाला आहे. ५० च्या वर तीन-चार, १०० च्या वर एक. रस्त्याकडची बाजू उन्हाने पार उडालेली, घराकडची अजून हिरवी. या घरात बहुतेक वेळा पंचवीस पौंडच बर्फ येई. एका दिवशी मात्र शंभर आला. लग्न असेल, बारसे असेल, किंवा घरात कोणी गेलेले असेल. हे कार्ड वाचता येते. मिंट कार्ड नुसते पाहता येते.

कुपनांच्या पुस्तकांची गोष्ट आणखी गमतीची. पुस्तक आधी विकत घ्यायचे आणि प्रत्येक फेरीला बर्फवाल्याने त्यातली पौंडांची कुपने फाडून न्यायची. त्यामुळे कंपनीला पैसे आगाऊ मिळत आणि गाडीवानाच्या हाती रोकड जात नसे. वापरलेले कुपन कंपनीकडे परत जाऊन मोजले गेले की संपले. म्हणजे आज आपल्या हाती येते ते सगळे न वापरलेलेच. प्रत्येक उरलेले कुपन म्हणजे त्या घरी कधीच न आलेला बर्फ. का आला नाही? घर बदलले, पैसे संपले, माणूस गेले, किंवा फ्रीज आला. जनरल इलेक्ट्रिकचा डोक्यावर गोल यंत्र असलेला फ्रीज १९२७ साली निघाला आणि पुढच्या दोन दशकांत बर्फवाला शहरांतून दिसेनासा होत गेला. तेव्हा अर्धवट पुस्तकाला अर्थ आहे तो ते अर्धवट आहे म्हणूनच. किती कुपने गेली आणि कुठे थांबली, एवढेच तर त्यात लिहिलेले असते. आणि नेमके हेच विक्रेते मोडतात : वेष्टण वेगळे, कुपने सुटी, दहाची पाकिटे करून विक्री. कित्येक पुस्तकांवर, फाडून आणलेले कुपन चालणार नाही, अशी सूचना छापलेली असते. ती आजही पाळायला हवी होती.

बिलांकडे तर कोणी बघतच नाही. चित्र नाही, रंग नाही, फिकट शाईत आकडे. पण या धंद्याचा हिशेब असतो तो तिथेच. पुष्कळ कंपन्या उन्हाळ्यात बर्फ आणि हिवाळ्यात दगडी कोळसा विकत. तेच घोडे, तीच माणसे. एका घराची वर्षभराची बिले ओळीने लावली की जुलैत एक दिवसाआड बर्फ, ऑक्टोबरात विरळ, नोव्हेंबरात कोळसा, असा त्या घराचा ऋतुसंहारच समोर येतो. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली अमेरिकन आइस कंपनीने शंभर पौंडांचा दर ३० सेंटवरून एकदम ६० वर नेला, आणि शहराचे मेयर रॉबर्ट व्हॅन विक यांच्याकडेच त्या कंपनीचे शेअर असल्याचे बाहेर आले. या ‘आइस ट्रस्ट’ प्रकरणावर वर्तमानपत्रांनी रान उठवले. संग्राहक त्या वेळची व्यंगचित्रे आवडीने घेतात. पण दर दुप्पट झाल्यावर एखाद्या घराने पन्नासाचे पंचवीस पौंड केले का, याचे उत्तर व्यंगचित्रात नसते. ते बिलात असते.

इथे आपला म्हणजे हिंदुस्थानचा संबंध येतो, तो थोडक्यात सांगतो, कारण त्याचे कौतुक बरेच झाले आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला; पोचला तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही इथला बर्फ जाऊ लागला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरच्या माणसांनी वॉल्डनच्या तळ्यातला बर्फ कापला. काठावर राहणाऱ्या थोरोने पुस्तकात त्याची नोंद केली आहे. ट्यूडरच्या कंपनीची दप्तरे हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात नीट ठेवली आहेत. पण ती धनकोची दप्तरे. मुंबईच्या बर्फघरातून घोंगडीत गुंडाळून बर्फ आणणाऱ्या गड्याच्या हातात काही चिठ्ठी असेल, तर तसली एकही मी पाहिलेल्या संग्रहांत नाही. मोठ्या माणसाचा कागद टिकतो, हा नियम दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच दिसतो.

ज्यांना या नादी लागायचे असेल त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. खिडकीतल्या कार्डांच्या नकला बाजारात खूप आहेत, आणि त्या जाणूनबुजून चहाच्या पाण्याने पिवळ्या केलेल्या असतात. अतिनील दिवा जवळ ठेवावा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने घालू लागले. तो कागद या दिव्याखाली निळसर चमकतो, जुना चमकत नाही. पत्त्यात झिप कोड असेल तर कार्ड १९६३ नंतरचे, मग ते कितीही मळलेले असो. फोनचा नंबर दोन-तीन आकडी असेल तर आशा धरावी. आणि ऊन एकाच बाजूला लागलेले असावे. चहा दोन्ही बाजूंना लागतो.

एवढे सगळे लिहिण्याला निमित्त झाले ते असे. आम्ही आता मोठे घर विकून लहान घरात जात आहोत. मुलांनी स्पष्ट सांगितले आहे की बेसमेंटमधले खोके त्यांना नकोत. त्यात त्यांचा दोष नाही. आपणही भारतातून येताना आईने खिळ्याच्या तारेला टोचून ठेवलेली दुधाची, वाण्याची बिले कुठे बरोबर आणली? म्हणून मी जवळच्या एका गावातल्या इतिहास संस्थेला सगळा संग्रह देऊ केला. त्यांनी आभार मानून रंगीत जाहिरातपत्रे घेतली, दोन कोरी कार्डे काचेच्या कपाटासाठी घेतली, आणि भोकांचे कार्ड, अर्धवट पुस्तके व बिले परत पाठवली. सोबतच्या पत्रात ‘प्रदर्शनीय नाहीत’ असे म्हटले होते. जागा कमी आहे, हे मला मान्य आहे. पण भोकांचे कार्ड काचेत ठेवून शेजारी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर शाळेतल्या मुलांनी आधी कोरे कार्ड पाहिले असते की हे, याबद्दल मला शंका नाही.

परत आलेली बिले मी आता कंपनीप्रमाणे न लावता रस्त्याप्रमाणे लावायला घेतली आहेत. सगळे संग्राहक कंपनीप्रमाणे लावतात, कारण नाव वर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. घराचा पत्ता खाली पेन्सिलीने असतो. एल्म स्ट्रीटची अकरा घरे झाली आहेत. त्यातल्या तीन घरांचा बर्फ एकाच ऑगस्टमध्ये बंद झाला, आणि नोव्हेंबरात त्या तिन्ही घरी कोळसाही आलेला नाही.