‘शलाकाहानी’ : एका संज्ञेची चिकित्सा

कणवेगवर्धकांसंबंधी मराठीत लेखन करावयाचे झाल्यास ‘बीम लॉस’ या इंग्रजी संज्ञेसाठी ‘शलाकाहानी’ हा शब्द लेखणीतून सहज उतरावा असा आहे. त्याचे दोन्ही घटक परिभाषेच्या परंपरेला धरून आहेत आणि समासही कानाला बरा वाटतो. अडचण उभी राहते ती विग्रहाच्या वेळी. ‘शलाकेची हानी’ असा षष्ठी-तत्पुरुष घ्यावा, की ‘शलाकेने केलेली हानी’ असा तृतीया-तत्पुरुष घ्यावा? ‘जीवितहानी’, ‘मानहानी’ यांच्या वळणाने पाहिले तर पहिला अर्थ निघतो. परंतु प्रचंड खर्चाने उभारलेल्या यंत्राच्या सान्निध्यात ‘हानी’ हा शब्द आला, की वाचकाचे मन यंत्राच्या नुकसानीकडेच धाव घेते. मराठीत घट आणि नुकसान या दोन्ही अर्थच्छटा ‘हानी’ या एकाच शब्दात नांदतात. इंग्रजीत मात्र त्यांच्यासाठी ‘लॉस’ आणि ‘डॅमेज’ असे दोन वेगळे शब्द योजले जातात.

हा केवळ वैयाकरणांचा वाद नव्हे. प्रस्तुत शास्त्राची सारी धडपड या दोन अर्थांमधील अंतर राखण्यासाठीच चाललेली असते. जिनिव्हानजीकच्या सर्न येथील २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचे उदाहरण घ्यावे. त्याच्या आराखड्यानुसार प्रत्येक शलाकेत सुमारे ३६२ मेगाजूल ऊर्जा साठते. उलटपक्षी, त्यातील अतिसंवाहक चुंबकाच्या वेटोळ्याला त्याच्या अवस्थेतून ढळविण्यास दर घनसेंटिमीटरला काही मिलिजूल एवढी ऊष्णताही पुरते. अशा यंत्रात प्रोटॉन शलाकेतून सतत निसटत असतात आणि ते निसटणे पूर्वनियोजितही असते. शलाकेभोवतीचे विरळ वलय खरवडून काढण्यासाठी कॉलिमेटरांचे जबडे मुद्दाम बसविलेले असतात आणि तेथे पडणारे प्रोटॉन हे व्यवस्था नीट चालल्याचेच लक्षण होय. याला ‘हानी’ म्हणणे म्हणजे सुताराच्या रंध्याखालून निघालेल्या भुशाला लाकडाचे नुकसान म्हणण्यासारखे आहे.

नुकसान म्हणजे काय, हे २००४ च्या ऑक्टोबरात तेथेच दिसून आले. एसपीएस या वेगवर्धकातून शलाका बाहेर काढीत असताना एका चुंबकाचा वीजपुरवठा खंडित झाला, शलाका मार्गावरून ढळली आणि ४५० गिगाइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे सुमारे ३४ लक्ष कोटी प्रोटॉन एका चतुर्ध्रुवी चुंबकाच्या निर्वातनलिकेवर आदळले. एकूण ऊर्जा जेमतेम अडीच मेगाजूल. पण नलिकेला काही क्षणार्धांत सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची चीर पडली. येथे शलाकेची घट झाली आणि शलाकेने नुकसानही केले. कॉलिमेटरवर मात्र पहिले घडते, दुसरे घडत नाही. दोहोंस एकच नाव देणारी परिभाषा विद्यार्थ्याला पहिल्याच पानावर चुकीच्या वाटेला लावते.

आता हे मोजणाऱ्या उपकरणाकडे वळू. वरील कोलायडरच्या कडेने साडेतीन हजारांहून अधिक आयनीभवन कोठ्या बसविण्यात आल्या. प्रत्येक कोठी सुमारे अर्धा मीटर लांबीची, नायट्रोजनने भरलेली आणि आत ॲल्युमिनियमच्या समांतर तबकड्या रचलेली. ही कोठी चुंबकाच्या बाहेर असते. निसटलेला प्रोटॉन तिला दिसत नाही. तो आतील भिंतीवर आदळल्यावर उसळणाऱ्या दुय्यम कणांच्या वर्षावाचा जो अंश बाहेर पोहोचतो, तेवढ्याने वायूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. नैयायिकांच्या डोंगरावरील धुराचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयाचे तर व्याप्तिज्ञान हवे. येथे ते संगणकावरील अनुकरणातून आणि प्रत्यक्ष चाचण्यांतून मिळवावे लागते. ‘हानिमापक’ हे नाव हे सारे अनुमान झाकून टाकते.

व्याप्तिज्ञान अपुरे असले म्हणजे काय होते, याचाही दाखला आहे. कोठ्यांची मांडणी करताना, शलाका चतुर्ध्रुवी चुंबकांपाशी अधिक रुंद होत असल्यामुळे प्रोटॉन मुख्यत्वे तेथेच निसटतील असे गृहीत धरलेले होते. २०१० पासून शलाकेत पडणाऱ्या धूलिकणांमुळे मिलिसेकंदाहूनही अल्पकाळ टिकणारी घट आढळू लागली. या कणांना तेथील शास्त्रज्ञांनी उडत्या तबकड्यांची आठवण करून देणारे ‘यूएफओ’ हे लघुनाम दिले. हा विनोद असला तरी कारण अज्ञात असल्याची ती प्रामाणिक कबुली आहे. धूलिकण कोठेही पडू शकतो. त्यामुळे २०१३–१४ च्या दीर्घ विरामात शेकडो कोठ्या द्विध्रुवी चुंबकांजवळ हलवाव्या लागल्या.

कालाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ही यंत्रणा एकच प्रवाह ४० मायक्रोसेकंदांपासून सुमारे ८४ सेकंदांपर्यंतच्या बारा कालखंडांत बेरजून पाहते आणि प्रत्येकासाठी वेगळी मर्यादा ठरविते. क्षणिक घटीची ऊष्णता वेटोळ्यालाच सोसावी लागते; दीर्घकाळ चालणाऱ्या घटीची ऊष्णता द्रवरूप हीलियम वाहून नेते. म्हणजे ‘किती’ या प्रश्नाला ‘किती वेळात’ हे जोडल्यावाचून अर्थच नाही. मर्यादा ओलांडली गेली की शलाकेच्या अवघ्या दोन-तीन फेऱ्यांत (एक फेरी ८९ मायक्रोसेकंदांची) ती संपूर्ण शलाका बाहेर काढून ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांवर सोडली जाते. तेव्हा एकही प्रोटॉन उरत नाही, आणि तरीही यास कोणी ‘लॉस’ म्हणत नाही! त्यासाठी ‘शलाकाविसर्जन’ हा शब्द मराठीत जणू तयारच आहे.

मग ‘हानी’च्या जागी काय योजावे? ‘क्षय’ हा शब्द किरणोत्सारी ऱ्हासाच्या संदर्भात रूढ असल्याने घोटाळा वाढवील. ‘गळती’ने नलिकेला छिद्र पडल्याचा भास होतो आणि निर्वातयंत्रणेत खरीखुरी गळती हा स्वतंत्र विषय आहे. या दृष्टीने आडतीवरील ‘घट’ हा शब्द अधिक योग्य ठरतो. धान्य साठविताना व्यापारी घट धरूनच हिशेब करतो. घट अपेक्षित असते, तिची मर्यादा ठरलेली असते आणि ती मर्यादेबाहेर गेली की चौकशी होते. ‘शलाकाघट’ या शब्दात हे सर्व येते. ‘घट’ म्हणजे मडके, हा आक्षेप कोशातच शोभतो; वाक्यात तो टिकत नाही. ‘हानी’ हा शब्द मग नलिकेला पडलेल्या चिरेसाठी राखून ठेवता येईल. ‘मॉनिटर’साठीही ‘मापक’ अपुरा आहे, कारण मूळ लॅटिन धातूत इशारा देण्याचा भाव आहे आणि हे उपकरण नेमके तेच करते. ‘शलाकाघटसूचक’ हा शब्द किंचित लांब आहे; परंतु उपकरण खुणेवरून बोलते, हे त्यात लपत नाही.