शेजाऱ्याचे रान आणि पाण्याची पाळी

अमेरिकेतल्या वाळवंटी गावांचा इतिहास बहुधा एका ठरलेल्या क्रमाने सांगितला जातो. आधी ओसाड माळ, मग पहिली गाडी, खाण, टपालकचेरी, न्यायालय आणि शेवटी संस्थापकाच्या नावाची पाटी. मेरी ऑस्टिनचे ‘द लँड ऑफ लिटल रेन’ (१९०३) निसर्गलेखन म्हणून वाचले जाते. मला ते वसाहतीच्या इतिहासाचे पुस्तक वाटते, आणि त्यात हा क्रम पार विस्कटलेला आहे.

पुस्तकाचा बराचसा प्रदेश म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पूर्वेकडचे ओवेन्स खोरे. सिएरा नेवाडा पर्वत ढग अडवतो, म्हणून खोऱ्यात पाऊस नगण्य. पण त्याच पर्वतावरचे बर्फ वितळून ओढ्यांनी खाली येते. पाऊस नाही, पाणी आहे. मूळच्या पायूट लोकांनी दिलेले नाव ‘पायाहूनाडू’, म्हणजे वाहत्या पाण्याची भूमी. ओढ्यांतून पाट काढून ते रानातल्या खाण्याजोग्या कंदांना पाणी देत. म्हणजे माळ ओसाड नव्हता. १८६१ पासून गुरेवाले आले, त्यांची जनावरे याच रानांत चरू लागली आणि लढाई जुंपली. सैन्याने तळ ठोकला तो १८६२ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. म्हणून तळाचे नाव कँप इंडिपेंडन्स. पुढल्याच वर्षी सुमारे नऊशे पायूटांना पायी टेहोन किल्ल्याकडे हाकलले गेले. तळाजवळ वसलेल्या गावाचे नावही इंडिपेंडन्स पडले. ऑस्टिन याच गावात राहत होती.

तिने गावाचा इतिहास लिहिला नाही. घराजवळच्या एका पडीक रानाचा लिहिला. ‘माय नेबर्स फील्ड’ या प्रकरणात आधी पायूट, मग एडस्विक, मग कॉनर असे मालक बदलत जातात, आणि कुणाची मालकी कागदाने तर कुणाची बंदुकीने टिकते. कोणालाही पराक्रमी ठरवण्याची तिला घाई नाही. सध्याचा मालक नाबोथ. त्याला प्लॉट पाडून श्रीमंत व्हायचे आहे. हे नाव बायबलमधले आहे: राजाला हवा असलेला द्राक्षमळा विकायला नकार देऊन जीव गमावणारा नाबोथ. इथला नाबोथ मात्र विकायला टपलेलाच. मालकांची हकीकत ती भराभर उरकते आणि रमते ती चराई थांबल्यावर परत येणाऱ्या झुडपांत. रानाच्या कडेला पायूटांची वस्ती अजून आहेच. ज्यांच्यापासून हकीकत सुरू झाली ते गेलेले नाहीत, फक्त कुंपणाबाहेर आहेत. आपण ‘गाव वसवले’ म्हणतो तेव्हा आधीची पांढरी कुणाची, हे विचारायचे राहून जाते. ऑस्टिन तो प्रश्न एका रानापुरता का होईना, विचारते.

पाण्याची गोष्ट ती आणखी मिश्कीलपणे सांगते. ‘अदर वॉटर बॉर्डर्स’मध्ये एका ओढ्याच्या पाण्यापायी जेसुस मोंटान्या नावाचा माणूस एमॉस जडसनच्या गोळ्यांना बळी पडतो. पुढे पाण्याची टंचाई होते, तेव्हा मिसेस डीड्रिक फावडे मांडीवर आडवे घेऊन पाटाच्या तोंडाशीच ठाण मांडते आणि दिवसभर विणकाम करत बसते. बाईवर हात उचलणे सभ्य गृहस्थाला शोभत नाही, म्हणून जडसन हरतो. रात्रीच्या पाळीला बारे धरणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे सगळे सांगावे लागणार नाही. वसाहतीच्या वीरकथेत बंदूक असते. ऑस्टिनने तिथे फावडे ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते.

पण तिचे हात नेहमी इतके स्थिर नाहीत. टोपल्या विणणाऱ्या सेयावीचे प्रकरण पुस्तकातले सर्वांत गाजलेले. पोराला घेऊन लढाईच्या काळात लपून जगलेली ही बाई टोपल्यांच्या विणीसकट आपल्यापुढे उभी राहते. लढाई मात्र काही ओळींत, सनावळीवाचून, जणू एखादे नैसर्गिक अरिष्ट होते तशी येऊन जाते. बंदुका कुणाच्या, तळ कुणाचा, हे ऑस्टिनला ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. रानाच्या मालकांची नावे घेणारी लेखिका इथे नावे घेत नाही. आणि शेवटचे प्रकरण, द्राक्षवेलींच्या मेक्सिकन गावाचे, तर निव्वळ गोड आहे. वादाशिवाय पाणी मिळालेले गाव या पुस्तकात तेवढे एकच, म्हणूनच ते खरे वाटत नाही.

पुस्तक आल्यानंतर दोनच वर्षांत, १९०५ मध्ये, लॉस एंजेलिस शहर खोऱ्यातल्या जमिनी पाण्यासकट विकत घेत असल्याचे उघड झाले. ऑस्टिनचा नवरा सरकारी जमीन कचेरीत अधिकारी होता. त्याने विरोध नोंदवला, तिनेही लिहिले. १९१३ मध्ये २३३ मैलांचा कालवा सुरू झाला. शेते विकली गेली, ओवेन्स सरोवर आटले, १९२४ मध्ये खोऱ्यातल्या लोकांनी कालव्याला सुरुंग लावले. पुढे शहराने गावांतले प्लॉटही घेतले. नाबोथला गिऱ्हाईक मिळाले ते असे. त्याला हवे होते ते फक्त पाणी.