द्वंद्व आणि संवाद : ‘नारुतो’च्या व्हिडिओ गेम-रूपांतरांची चिकित्सा

कादंबरीचे नाटकात वा चित्रपटात होणारे माध्यमांतर मराठी समीक्षेला परिचित आहे. चित्रकथेचे व्हिडिओ गेममध्ये होणारे रूपांतर मात्र तिच्या कक्षेत फारसे आलेले नाही. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही जपानी चित्रकथा (मांगा) १९९९ ते २०१४ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली व ७२ खंडांत संग्रहित झाली. २००२ मध्ये तिच्यावरील अ‍ॅनिमे मालिका आली आणि २००३ पासून द्वंद्वप्रधान गेमची रांगच लागली.

गावाने झिडकारलेल्या एका अनाथ मुलाची ही कथा आहे. तीत लढत हे ओळख पटवण्याचे साधन असते. प्रतिस्पर्ध्याचे दुःख नारुतोला लढतानाच कळते. नागातो गाव उद्ध्वस्त करतो. त्याच्या योद्ध्यांना हरवल्यानंतरही नारुतो त्याला मारत नाही, त्याची कहाणी ऐकून घेतो आणि त्यामुळेच नागातो मृतांना परत जिवंत करतो. किशिमोतोंच्या दृष्टीने विजय तो हा. सायबरकनेक्ट टू या कंपनीच्या ‘अल्टिमेट निंजा स्टॉर्म २’ (२०१०) मध्ये हा प्रसंग आहे, परंतु खेळाडूच्या हाती फक्त आधीची मारामारी येते. संवाद चालू असताना त्याने नुसते पाहत बसायचे.

‘स्टॉर्म’ मालिकेची स्तुती प्रामुख्याने तिच्या अ‍ॅनिमेसदृश चित्रणासाठी होते. ती अवाजवी नाही. तथापि चित्राशी निष्ठा म्हणजे आशयाशी निष्ठा नव्हे. ‘क्लॅश ऑफ निंजा’ (२००३) मध्ये हाकूला झाबुझाविरुद्ध उभे करता येते. मूळ कथेत हाकू झाबुझावरचा वार स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो. कोणाचीही कोणाशी जोड लावणे हा द्वंद्वखेळाचा धर्मच आहे, हे मान्य. पण त्या मुभेत नातेसंबंध गळून पडतात आणि उरते ती केवळ कौशल्यांची यादी.

उलट, नियमांच्या पातळीवर काही ठिकाणी रूपांतराने मूळ संहिता नेमकी वाचली आहे. वार बसण्याच्या क्षणी स्वतःच्या जागी ओंडका ठेवून निसटण्याची निंजाविद्या ‘स्टॉर्म जनरेशन्स’ (२०१२) मध्ये स्वतंत्र, मर्यादित साठ्याची झाली. चकवा केव्हा खर्च करायचा, हा प्रश्न त्यामुळे खेळाडूचा झाला.

सर्वाधिक लक्षणीय प्रयोग मात्र जपानबाहेरचा आहे. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने केलेल्या ‘राइज ऑफ अ निंजा’ (२००७) मध्ये हस्तमुद्रांसाठी कंट्रोलरच्या छोट्या दांड्या ठराविक क्रमाने फिरवाव्या लागतात. एक कळ दाबून विद्या सिद्ध होत नाही. शिवाय द्वंद्वांच्या मधल्या काळात नारुतो गावात हिंडतो. सुरुवातीला लोक त्याचा तिरस्कार करतात, कामे करत गेल्यावर एकेक जण निवळतो. झिडकारले जाणे येथे पार्श्वकथा राहत नाही, ते खेळावे लागते. चित्रणात हा गेम ‘स्टॉर्म’इतका देखणा नसेल, पण रूपांतर म्हणून तो सरस ठरतो.

खानापूर-आटपाडीकडच्या जत्रांतील मैदानात निकाली कुस्तीचे आकर्षण मोठे असते; तरीही तुल्यबळ मल्लांची जोड पंचांनी बरोबरीत सोडवली, तर जाणता प्रेक्षक तिलाही दाद देतो. नारुतो व सासुके यांचे अखेरचे द्वंद्व याच जातीचे आहे. दोघेही एकेक हात गमावून शेजारी शेजारी पडून राहतात. देहांची बरोबरी झालेली असते आणि निकाल लागतो तो सासुकेने पराभव बोलून मान्य केल्यावर. २०१६च्या ‘स्टॉर्म ४’ मध्येही हे द्वंद्व येते, परंतु तिथे प्रतिस्पर्ध्याची प्राणशक्तीची पट्टी रिकामी केल्यावाचून त्या कबुलीपर्यंत पोहोचताच येत नाही.