शब्दाविना राजकीय आशय : पियानो व ड्रम यांची एक जोडी

मुक्ताईनगरहून आषाढी वारीस निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर जे भजन चालते, त्यात वीणेने आधारस्वर धरावा, मृदंगाने पाऊल सांभाळावे आणि अर्थ अभंगाने वाहावा, अशी वाटणी आहे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेल्या लालबावटा कलापथकाने निराळा आशय आणला. वाद्ये मात्र शब्दांच्या सेवेतच राहिली. परिणामी राजकीय संगीत म्हटले की संहिताच तेवढी तपासावयाची, अशी सवय मराठी समीक्षेस जडली. जेथे संहिताच नाही, तेथे तिने काय करावे?

स्विस पियानोवादिका इरेन श्वाइत्सर (१९४१–२०२४) व दक्षिण आफ्रिकी ड्रमवादक लुई मोहोलो (१९४०–२०२५) यांचे १९८६ मधील ध्वनिमुद्रण ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मोहोलो यांनी १९६४ साली ‘ब्ल्यू नोट्स’ ह्या मिश्रवर्णीय वाद्यवृंदाबरोबर वर्णभेदाचा देश सोडला. श्वाइत्सर स्त्रीमुक्तीच्या चळवळीतल्या. त्यांच्या देशात संघराज्याच्या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार मिळाला तोच मुळी १९७१ मध्ये. ध्वनिमुद्रणातील एका रचनेचे नाव ‘फ्री मंडेला’ आहे. परंतु नाव ही घोषणा झाली. तेवढ्यावर समाधान मानणारा टीकाकार मागील दाराने पुन्हा संहितेकडेच परततो.

आशय शोधावयाचा तो दोन वाद्यांच्या संबंधात. स्वरमेळांचा ठरलेला क्रम व बांधीव मात्राचक्र ही बंधने मुक्त जॅझ मानीत नाही. मोहोलो ठेका धरून देत नाहीत. ते स्पंदन दाट करतात, विरळ करतात, प्रसंगी पियानोस अडवितात. श्वाइत्सर, ज्या स्वतः ड्रमही वाजवीत, लगतच्या अनेक पट्ट्यांवर एकदम आघात करून स्वरवाद्यास तालवाद्याच्या प्रांतात उतरवितात. मुख्य कोण व साथीदार कोण, हा प्रश्नच तेथे गैरलागू ठरतो.

असे साम्य सेसिल टेलर व मॅक्स रोच यांच्या १९७९ च्या न्यूयॉर्क येथील मैफलीतही आढळते, हा आक्षेप रास्त आहे. केवळ समतोल म्हणजे राजकारण नव्हे. श्वाइत्सर–मोहोलो यांचे वेगळेपण स्मृतीत आहे. झुरिचच्या ‘आफ्रिकाना’ कॅफेत श्वाइत्सर यांनी १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकी वादकांना ऐकले होते. त्या देशाच्या नृत्यधुना त्यांच्या पियानोत मध्येच वर येतात. मायदेशास मुकलेल्या वादकासमोर त्याच्याच देशाची धून परकीच्या हातून उमटते, तेव्हा शब्दाविना काहीतरी निश्चित बोलले जाते. मात्र त्या धुनेचा मोह अनावर झाला की दोन वाद्यांमधील ताण ओसरतो, आणि ड्रम काही काळ पुन्हा साथीला बसतो.