टी. रेक्स आणि निवडुंग

इंटरनेटची जोडणी तुटली, की गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये एक छोटा टी. रेक्स दिसतो. २०१४ साली आलेला हा खेळ. स्पेसबार दाबली की डायनोसॉर धावू लागतो, निवडुंगांवरून उड्या मारतो. नीट पाहिले तर पडद्यावर तो जागच्या जागीच असतो. सरकतात ती जमीन आणि निवडुंग. सापेक्ष गती समजावायला याहून सोपे उदाहरण आम्हांला सुचत नाही.

कालगणनेत मात्र खेळ कच्चा आहे. टी. रेक्स सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला. निवडुंगाचे कुल त्यानंतर साधारण ३ कोटी वर्षांनी उदयास आले. दोघांची गाठ पडणे शक्यच नव्हते. खेळ १.७ कोटी वर्षे, म्हणजे टी. रेक्स पृथ्वीवर होता तितका काळ, चालेल असे निर्मात्यांनी २०१८ मध्ये सांगितले. जीवाश्मांनुसार तो काळ जेमतेम २०-३० लाख वर्षांचा आहे.

मुलांना 'फार पूर्वी' हा एकच काळ वाटतो. असे चित्र तो समज पक्का करते. म्हणून खेळ वर्गात जरूर दाखवावा आणि विचारावे, "यात काय चुकले?" उत्तर मात्र मुलांनाच शोधू द्यावे.